दोन नग

तळजाईवर चालताना पडली.
दोनदा उलट जाऊन पाहिलं,
गवतात, बाकाखाली, नळाच्या चिखलात.
कुत्रा फिरवणाऱ्या एका मुलाने
मोबाइलचा उजेड धरला थोडा वेळ,
मग कुत्र्याला घाई झाली.

तांबोळी नाना पेठेतून आला ॲक्टिव्हावर,
पायाशी लॅपटॉपची बॅग.
आधी आरसी मागितली, मग आधार,
मग फोटोशी माझं तोंड ताडून म्हणाला,
"राग नका मानू मॅडम,
भलत्याच्या गाडीला चावी केली तर मी आत."

दार त्याने दीड मिनिटात उघडलं.
नऊ वर्षं रोज रात्री
मी ते दोनदा ओढून बघत आले होते.

स्टिअरिंगखाली वायर खोचली.
डॅशबोर्डवर लाल दिवा लुकलुकत राहिला.
"ओळखत नाहीये. नुसते दात जुळून भागत नाही हिला.
चावीच्या पोटात तांदळाएवढी चिप असते,
ती नंबर सांगते. पटला तर इंजिन.
वडील माझे रविवार पेठेत छत्री टाकून बसायचे.
कानस आणि कान, एवढ्यावर तीन पोरी उजवल्या.
आता कानाला काम नाही."

आणि मग विचारलंच:
"दुसरी असेल ना घरी?
ती आणलीत तर अडीच हजार, वीस मिनिटं.
नसली तर साडेसात. सगळं पुसून पहिल्यापासून."

दुसरी श्रीरंगकडे, बाणेरला.
गाडी आम्ही निम्मी-निम्मी घेतली होती
आईच्या डायलिसिससाठी.
सोमवार-बुधवार मी, शनिवार तो.
आई गेली. मग सहकारनगरचा फ्लॅट,
मग वकिलाचं पत्र.
त्यात मी ताई नव्हते,
सामनेवाली क्रमांक एक होते.
क्रमांक दोन कुणी नव्हतंच.

चौदा महिने झाले.

फोन काढला. पावणेदहा.
या वेळी तो ताक पीत असतो, उभ्याउभ्या, ओट्याशी.
पाच हजारांचा फरक.
पाच हजारांसाठी मी भाजीवाल्याशी
जन्मभर भांडले असते.

"पुसा," म्हटलं.

"ती दुसरी बाद होईल बरं का.
दार उघडेल तिने, पातं तेच आहे.
गाडी सुरू नाही होणार."

मान हलवली मी. त्याने बटण दाबलं,
आणि स्क्रीनवरचं वाचून दाखवलं, निकाल सांगावा तसं:
नोंदलेल्या चाव्या, शून्य.

त्यानंतर गाडीच म्हणाली, थांबा.
दहा मिनिटं. चोरांसाठी असतं म्हणे ते,
चोराला धीर नसतो.
त्या दहा मिनिटांत
जगात कुणीच तिच्या ओळखीचं नव्हतं.
आम्ही फूटपाथवर उभे.
तांबोळीने खिशातून दाणे काढले. "घ्या."
खारे होते. घेतले.

"एक करू की दोन? वेळ तेवढाच लागतो.
दोन असाव्यात, आज कळलंच तुम्हाला."

दिवा विझला. इंजिन लागलं,
काही झालंच नाही अशा आवाजात.
पावतीवर त्याने लिहिलं: चावी, दोन नग.
साडेसातचे आठ झाले, दुसरीचे पाचशे.

घरी येऊन मेसेज लिहिला. खोडला. पुन्हा लिहिला.
"तळजाईवर चावी हरवली. नवीन केली.
तुझ्याकडची आता चालणार नाही."
पाठवला आणि भांडी घासायला गेले,
भांडी नव्हती तरी.

साडेअकराला उत्तर आलं.
ताई नाही, काही नाही.
"मागच्याच महिन्यात सेल बदलला होता तिचा."

एवढंच.

एक चावी खुंटीला लावली.
दुसरीच्या काचेवरचा पातळ प्लास्टिकचा कागद
मी अजून काढलेला नाही.